यादीत आहे, पण गाडी येत नाही

"साहेब, गाडी डेपोत आहे म्हणतंय, पण फलाटाला काय लागत नाही," असं म्हणत काकांनी सीपीयू काउंटरवर ठेवला. सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तक्रारी रोज ऐकतो, पण इतकी नेमकी तक्रार क्वचितच कुणी सांगतं.

काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. मुलानं त्यांना स्टिअरिंग, पेडल आणि गिअरचा दांडा असा सेट घेऊन दिलाय. रोज संध्याकाळी ते युरो ट्रक सिम्युलेटर २ चालवतात. २०१२ साली आलेला, प्रागच्या कंपनीचा हा गेम. मुळात ट्रकचा, पण हौशी लोकांनी त्यासाठी बसचे भरपूर मॉड, म्हणजे गेमला वरून जोडायच्या फाईली, बनवलेत. काका कायम ब्रिटनच्या रस्त्यांवर असतात, कारण तिथं गाडी डाव्या बाजूनं चालते. "जर्मनीत गेलो की हात चुकतो," म्हणाले.

आता त्यांना लालपरी हवी होती. नातवानं एसटी बसचा मॉड उतरवून फोल्डरमध्ये टाकला होता. गेममधल्या मॉडच्या यादीत, म्हणजे मॉड मॅनेजरमध्ये नाव दिसत होतं, चालू मॉडच्या यादीतही घेतलेलं होतं आणि गेम विनातक्रार सुरू होत होता. फक्त गेममध्ये जिथं गाडी विकत मिळते त्या डीलरकडे बस नव्हती. आजोबा-नातू आठ दिवस झटत होते.

मॉडच्या दुखण्यांमध्ये हे सगळ्यात चिवट. गेम बंद पडला तर निदान धरायला काहीतरी सापडतं. इथं सगळं सुरळीत आणि बस मात्र नाही.

नेहमीचे संशयित आधी बाद केले. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स फोल्डर क्लाउड बॅकअपला लावलेला असला की बऱ्याचदा डॉक्युमेंट्स नावाचे दोन फोल्डर होऊन बसतात. फाईल एकात पडते, गेम दुसऱ्यात बघतो. पण मग मॉड यादीतच आला नसता. दुसरी शक्यता प्रोफाइलची, म्हणजे गेममधल्या खेळाडूच्या खात्याची. या गेममध्ये मॉड प्रत्येक प्रोफाइलला वेगळे चालू करावे लागतात, लोक एकात चालू करतात आणि दुसऱ्यात खेळतात. तेही ठीक होतं. तिसरी शक्यता मॉडमॉडच्या भांडणाची. काकांकडे अकरा मॉड होते, आणि यादीत जो वर असतो त्याचं चालतं. म्हणून नवीन प्रोफाइल काढून त्यात एकटा एसटीचा मॉड लावला. तरी बस नाही.

मग लॉग उघडला. गेम सुरू झाल्यापासून काय काय केलं ते ओळीओळीनं गेम डॉट लॉग या टेक्स्ट फाईलमध्ये लिहिलेलं असतं, साध्या नोटपॅडमध्ये दिसतं. मॉड लागल्याची ओळ होती. आणि त्या मॉडबद्दल एकही एरर नव्हती.

मी तिथंच थबकलो. एखाद्यानं रात्री जागून, नोकरी सांभाळून बनवलेला बसचा मॉड असतो. त्यात कुठं सावलीची फाईल राहिलेली असते, कुठं रंगाच्या फाईलचा पत्ता चुकलेला असतो. दोन-चार एरर येतातच, आणि त्या घेऊनसुद्धा गाडी छान पळते. एकही एरर नाही, याचा अर्थ गेमनं त्या मॉडमधलं काहीही वाचलेलंच नाही. आठ दिवस दोघांना जी शांतता शुभ वाटत होती, तिच्यातच सगळं दुखणं होतं.

परत मॉड मॅनेजरकडे गेलो आणि या वेळी नाव न वाचता नुसतं बघितलं. बाकीच्या मॉडना छोटं चित्र होतं, बनवणाऱ्याचं नाव होतं. एसटीच्या मॉडला नुसतं फाईलचं नाव, चित्राची जागा कोरी. ही माहिती मॉडच्या आत अगदी वरच्या पातळीवर ठेवलेल्या मॅनिफेस्ट नावाच्या फाईलमधून येते. म्हणजे ती फाईल गेमला दिसत नव्हती.

मॉडची फाईल सेव्हन-झिपमध्ये, म्हणजे झिप फाईली उघडायच्या प्रोग्राममध्ये उघडली. डॉट एससीएस हे एक्स्टेन्शन बघून लोक बिचकतात, पण यातल्या बऱ्याच फाईली आतून साध्या झिपच असतात. आत एकच फोल्डर. त्या फोल्डरच्या आत डेफ, व्हेइकल, मटेरियल हे फोल्डर आणि ती मॅनिफेस्ट, सगळं जागच्या जागी.

हा गेम मॉडमधले फोल्डर आपल्या मूळ फोल्डरांवर जसेच्या तसे अंथरतो. ट्रकची माहिती त्याला डेफ, त्यात व्हेइकल, त्यात ट्रक याच वाटेनं लागते. वर एक जादा फोल्डर आला की सगळे पत्ते एका घरानं सरकतात. गेम ठरलेल्या दारावर जातो, तिथं कुणी नसतं, तो गुपचूप पुढं जातो.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे पार्सल पोचलं, पण पत्ता आतल्या पाकिटावर." मी गेली कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना हे समजावतोय. इतकं स्वच्छ मला कधी सांगता आलं नव्हतं.

नातवाला फोन लावला. आठवीतला पोरगा, घाबरत बोलत होता. उतरवलेली झिप त्यानं उघडली, आतली एससीएसही उघडली, फोल्डर तयार झाला. मग फाईल एससीएसच पाहिजे असं कळल्यावर तो फोल्डर परत झिप करून नाव बदललं. मी त्याला म्हटलं, "चूक एवढीच, की फोल्डरवर राइट क्लिक केलंस. फोल्डरच्या आत जाऊन सगळं सिलेक्ट करून झिप करायचं होतं." पलीकडून "अय्यो" ऐकू आलं.

तशी झिप केली. कॉम्प्रेशन मी बंदच ठेवतो. मॉड मॅनेजर उघडला तर चित्र आलं, बनवणाऱ्याचं नाव आलं आणि सोबत इशाराही आला, हा मॉड गेमच्या १.४३ आवृत्तीसाठी आहे. काकांचा गेम बराच पुढच्या आवृत्तीचा होता. डीलरकडे बस उभी होती, पण निम्मी. चाकं गायब, अंगावर रंग नाही. लॉगमध्ये एररची रांग. मला बरं वाटलं. आता गेम मॉडशी बोलत होता.

यावर उपाय स्टीममध्येच, म्हणजे गेम विकणाऱ्या आणि चालवणाऱ्या ॲपमध्येच आहे. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटा म्हणून भाग असतो, तिथून जुनी आवृत्ती निवडता येते. पण नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला खेळ जुनीत धड चालत नाही, म्हणून आधी प्रोफाइलचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला. काकांना विचारलं, तुमची कंपनी, गॅरेज, कमाई सगळं बाजूला राहील, चालेल का? म्हणाले, "कमाईचं काय करायचंय? गाडी बघू द्या."

डाउनलोडला दीड तास लागला. काका हलले नाहीत. सांगलीहून आंबा घाट उतरून रत्नागिरीची गाडी कशी न्यायचे ते सांगत होते, कुठल्या वळणाला कुठला गिअर, पावसात कुठं थांबायचं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास बस उभी राहिली. लाल, चाकांसकट. कार्डिफच्या गॅरेजात. गेममधल्या बँकेचं कर्ज काढून ती घेतली. काकांनी आधी दोन्ही आरसे लावून घेतले, मग खुर्ची पुढं ओढली. दुकानातला साधा कीबोर्ड होता, तरी पाय आपोआप क्लचच्या जागी गेला. गाडी बाहेर काढली, पहिल्या चौकात थांबवली आणि कॅमेरा फिरवून समोरून बघितली.

"पाटी पुण्याची आहे," म्हणाले.

मटेरियल फोल्डरमध्ये त्या पाटीचं चित्र डीडीएस फाईलमध्ये होतं. बदलता येतं. जॉब कार्ड काढलं आणि खाली लिहिलं: पाटी बदलणे. सांगली–रत्नागिरी, मार्गे आंबा. काकांनी वाचून घेतलं आणि माझ्या हातातलं पेन घेऊन शेवटी स्वतः लिहिलं, "जलद नको. साधी."