तुळईचे टोक

खणांच्या जुन्या घराची तपासणी करताना मी दिसणाऱ्या लाकडावर फारसा वेळ घालवत नाही. खांब सहसा शाबूत असतो, कारण तो दगडी तळखड्यावर उभा असतो आणि त्याला चारही बाजूंनी वारा मिळतो; खरे दुखणे असते ते तुळईच्या भिंतीत गेलेल्या वीतभर टोकाला, आणि ते मातीआड असल्यामुळे कोणाच्याच नजरेस पडत नाही. गेल्या सप्टेंबरात अमळनेर तालुक्यातील एका वाड्यात असेच एक टोक मी उघडे केले.

वाडा एका जुन्या कापूस व्यापाऱ्याचा. वारस बाहेरगावी स्थायिक झाल्यावर तो एका विश्वस्त मंडळाकडे आला. जळगावात बहिणाबाई चौधरींचे राहते घर त्यांच्या वापरातल्या वस्तूंसह संग्रहालय म्हणून जपले आहे, तसे काहीतरी आपल्याही गावात असावे, या प्रामाणिक इच्छेने मंडळाने ओसरीत जाते, पांभर, मापटी आणि कापसाचा मोठा तराजू मांडून ठेवला आहे. व्यवस्थापकांचा मला आलेला निरोप एवढाच होता की माजघरातल्या तुळईखाली भुसा पडतो, उधई लागली असावी, तेव्हा कोणते औषध मारायचे ते सांगा.

तुळई उधईने खाल्लेली नव्हती, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळले. जुन्या सागाच्या गाभ्याला उधई सहसा तोंड लावत नाही, ती कडेचा पांढुरका भाग खाते, आणि जाताना मातीच्या नळ्या मागे ठेवते. इथे नळ्या नव्हत्या. मोगरीने ठोकत गेलो तर मध्यावर टणक आवाज येत होता, आणि भिंतीपासून हातभर अंतरावर तो एकदम बद्द झाला. ओलाव्याच्या यंत्राने मध्यावर ११ टक्के दाखवले, भिंतीलगत २८. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा मिळाला की ती कामाला लागते. भिंतीचे प्लॅस्टर चार बोटे खरवडून टोचा लावला, तर तो मुठीपर्यंत आत गेला, आणि बाहेर काढताना त्याच्यासोबत लाकडाचे तपकिरी, चौकोनी तुकडे आले, जे बोटांत धरताच चहाच्या भुकटीसारखे झाले. खालून पाहणाऱ्याला मात्र तीच तुळई ताज्या पॉलिशमुळे नवीकोरी दिसत होती. पॉलिशवर एवढा खर्च करणाऱ्या माणसांना शिडी लावून एकदा वर डोकवावेसे का वाटत नाही, हे मला आजवर उमगलेले नाही.

पाण्याचा उगम शोधायला धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चढलो. खाली तुळया, त्यांवर कड्या म्हणजे लहान आडवी लाकडे, कड्यांवर किलचन म्हणजे बारीक लाकडांचा थर, त्यावर पाला आणि मातीचा थर, आणि सर्वांत वर खारी, अशी ही जुनी रचना. खारी मातीत सोडियम असल्यामुळे ती भिजली की तिचे कण फुगून सुटे होतात आणि बारीक छिद्रे बुजवून टाकतात, त्यामुळे पाणी खाली न मुरता उतारावरून वाहून जाते. शिवाय तिच्यावर गवतही फारसे उगवत नाही. पाऊस संपला की तीच माती वाळते आणि आतला दमट वाफारा बाहेर पडू देते. या धाब्यावर मात्र तीन इंच सिमेंट काँक्रीट ओतलेले होते, त्याला उन्हाने केसासारख्या भेगा पडल्या होत्या, आणि भिंतींनाही बाहेरून सिमेंटचा गिलावा होता. भेगांतून शिरलेल्या पाण्याला परत जायला वाट उरली नव्हती, ते सावकाश उतरत तुळयांच्या टोकांपाशी साचत होते. वजनाचा हिशेब वेगळाच: तीन इंच काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला सुमारे १८० किलो, म्हणजे त्या दहा बाय बारा फुटांच्या माजघरावर दोन टन जादा भार, आणि तोही कुजलेल्या टोकांवर. खारीचेही वजन असतेच, आणि दर वर्षी नवा थर चढवत फूट-दीड फूट माती साठवलेली धाबी मी पाहिलेली आहेत. जुने ते सगळे शहाणपणाचे होते, असे माझे म्हणणे नाही.

मी खाली उतरलो तेव्हा दारात एका शाळेची सहल उभी होती, पन्नासेक मुले. मी माजघर आणि त्यावरचा भाग तत्काळ बंद करायला सांगितले. गुरुजी नाराज झाले, आणि व्यवस्थापकांनी सुचवले की दहा-दहा मुले सोडू, त्यांना भिंतीकडेने चालायला सांगू. भिंतीकडेच तर टोके कुजली होती. थोडा आवाज चढवावा लागला. मुलांनी ओसरीतला तराजू पाहिला, डबे खाल्ले आणि ती गेली. संध्याकाळपर्यंत गावातूनच सेंट्रिंगचे लोखंडी टेकू आणून चार तुळयांना लावले.

टेकू लावायला मदत करणारे आप्पा त्या वाड्यात पूर्वी सालदार होते. काँक्रीटवर पाय आपटून ते म्हणाले, "भाऊ, धाबाले दर साल खारी लागस. नही दिधी ते घर रडस." मृगाआधी गावाबाहेरच्या खारवट जमिनीतून दोन गाड्या माती आणून ती पसरायची आणि उतार काढून चोपायची, हे काम त्यांनी वीस वर्षे केले होते. संग्रहालय झाल्यावर त्यांना कोणी काही विचारले नाही.

मला मात्र विचारले होते. सहा वर्षांपूर्वी मी घरच्यांना घेऊन हाच वाडा पाहायला गेलो होतो, तेव्हा याच व्यवस्थापकांनी, अभियंता आहे असे कळल्यावर, धाबे गळते म्हणून वर काँक्रीट टाकतो आहोत, चालेल ना, असे चहा घेता घेता विचारले होते. मी वर चढलो नव्हतो. "गळती थांबली म्हणजे झाले," असे मी म्हणालो होतो. त्यांना ते आठवत असावे, पण त्या दिवशी त्यांनी ते काढले नाही, आणि मीही काढले नाही.

अहवालात कारण म्हणून मी "छतावर नंतर टाकलेला काँक्रीटचा थर" एवढेच लिहिले आहे. उपायांत काँक्रीट हलक्या हाताने फोडून काढणे, तुळयांची कुजलेली टोके कापून जुन्या सागाचे तुकडे साल-कुसूने, म्हणजे एकाची कूस दुसऱ्याच्या खाचेत बसवून, सांधणे, गिलावा काढून मातीचा लेप देणे आणि धाब्यावर पुन्हा खारी टाकणे, हे आहे. अंदाजपत्रक मात्र अडले आहे. मी वापरतो त्या दरसूचीत काँक्रीटच्या हरतऱ्हेच्या बाबी आहेत, खारीची एकही नाही. दर ठरवण्यासाठी मी आप्पांना फोन करून गाडीभर मातीला किती पडेल असे विचारले, तर त्यांनी आधी मलाच विचारले की आणायची कुठून, कारण ते जिथून खारी खणून आणत असत त्या जमिनीत आता प्लॉट पडले आहेत.