टकटक आणि नूरजहाँ

नागपूरला सीताबर्डीत जुन्या रेकॉर्डी, कॅसेटी डिजिटल करून द्यायचं माझं काम. येतात जास्त लग्नाच्या कॅसेटीच. त्या दिवशी जरीपटक्याचे एक सिंधी काकाजी उशीच्या खोळीत गुंडाळून लाखेची ७८ ची (मिनिटाला ७८ फेरे फिरणारी) रेकॉर्ड घेऊन आले. 'अनमोल घडी', १९४६. नूरजहाँ-सुरेंद्रचं 'आवाज दे कहाँ है'. कडेपासून लेबलपर्यंत केसाएवढी भेग.

फाळणीत सिंधमधल्या सक्करहून आलेल्या त्यांच्या वडिलांनी ती इथेच जुन्या बाजारात घेतली होती. घरी ग्रामोफोन नव्हताच!

अशी रेकॉर्ड स्पिरिटने पुसायची नसते, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश. सुईही एलपीची चालत नाही. ७८ ची खाच रुंद असते, बारीक सुई तळाला जाऊन खरखरच उचलते. रुंद सुई लावली. भेगेमुळे दर फेरीला एक 'टक', म्हणजे मिनिटाला ७८. तीन मिनिटांत सव्वादोनशेच्या वर. सॉफ्टवेअर हे आपोआप काढतं, पण मग तबल्याची थापही खातं. मी एकेक टक हातानेच काढत बसलो.

काकाजी शेजारीच. म्हणाले, "भाऊ, हम इधर आए, ये उधर गई. उधर जाके किया क्या इसने?"

मला बोलायला निमित्तच हवं होतं. कसूरची मुलगी, कलकत्त्यात बेबी नूरजहाँ, मग मुंबईची सर्वांत मोठी गाणारी नायिका. ऐन भरात असताना पती शौकत हुसेन रिझवींबरोबर पाकिस्तानात गेली आणि १९५१ मध्ये 'चन वे' हा पंजाबी चित्रपट केला. नायिका ती, गाणी तिची, दिग्दर्शक म्हणूनही नाव तिचंच. पाकिस्तानातली पहिली स्त्री-दिग्दर्शक. खरं दिग्दर्शन नवऱ्याचं, असं काही जण म्हणतात. पुरुषांच्या बाबतीत ही चौकशी कोणी करत नाही, हे आपलं माझं मत. पुढे अभिनय सुटला, गाणं नाही. १९८२ मध्ये मुंबईत येऊन ती हेच गाणं पुन्हा गायली.

"और पिक्चर बनाने को उधर स्टुडिओ कहाँ से आया?"

लाहोरचा, चित्रपट-दिग्दर्शक रूप शोरींचा स्टुडिओ फाळणीच्या दंगलीत उद्ध्वस्त झाला होता. तो या जोडप्याला मिळाला, त्याचा शाहनूर स्टुडिओ झाला. शोरी मुंबईला आले.

काकाजी स्क्रीनकडे बघत राहिले. मग विचारलं, "हमारी सक्कर की दुकान किसको मिली होगी?"

मला काय सांगता येणार? मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. गाणं संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग पेन ड्राइव्ह खिशात टाकत म्हणाले, "पिछली बाजू भी कर दो. पैसे एक ही बाजू के दूँगा."

भेग आरपार होती. मागच्या बाजूलाही टकटक तेवढीच. तरी हो म्हणालो.