आमची वाटचाल : दाचीगामच्या वाटेवर

२०११ साली सदाशिव पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहलींच्या धंद्याला सुरुवात केली. भांडवल म्हणजे पतपेढीचं कर्ज आणि सहा दुर्बिणी. लोक काश्मीरला शिकारा आणि बर्फासाठी जायचे, आम्ही हंगुलसाठी, म्हणजे काश्मीरच्या हरणासाठी न्यायचं ठरवलं. लाल हरणाच्या कुळातला आपल्या देशात उरलेला हा एवढाच. तीनशेच्या आसपास, आणि बहुतेक श्रीनगरजवळच्या दाचीगाम राष्ट्रीय उद्यानात. कान्हाचा बारशिंगा वेगळा, हे आजही फोनवर रोज सांगावं लागतं.

दुर्बिणी ८ × ४२ च घेतल्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिलिमीटर भिंगाच्या. दुकानदार १० पटीची गळ्यात मारतो. ऐकू नका. हात हलला की चित्र हलतं, आणि पहाटेच्या उजेडात ८ पटीचीच उजळ दिसते. आमच्या सहाही अजून चालू आहेत. एकीचं फोकसचं चाक सैल झालं, तिला सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलंय.

आमच्याकडे तीन वर्षं शिकलेल्या एका मुलाने २०१८ मध्ये स्वतःची कंपनी काढली. धंदा कुणीही करावा. पण त्याने जाहिरातीत छापलं, ‘हंगुल दिसणारच, हमी’. तेही जूनमध्ये! जूनमध्ये हंगुल वरच्या कुरणांकडे चढलेले असतात, नरांची मार्च-एप्रिलमध्ये गळलेली शिंगं अजून मखमलीत, म्हणजे मऊ लवेच्या कातडीखाली, वाढत असतात. हे त्याला मीच दाखवलं होतं. आमची अकरा बुकिंगं तिकडे गेली. त्यातले चौघं नंतर आमच्याच दारात येऊन म्हणाले, हंगुल-बिंगुल काही नसतं. ते अजून सलतं. आम्ही हमी कधीच दिली नाही, देणारही नाही.

मग २०१९. पर्यटकांनी काश्मीर सोडावं, अशी सूचना २ ऑगस्टला निघाली तेव्हा आमच्या ऑक्टोबरच्या दोन गाड्या भरल्या होत्या. हॉटेलचा अ‍ॅडव्हान्स तिकडे अडकला, इकडे लोक पैसे मागायला आले. हप्ते थकले. बायकोच्या पाटल्या गेल्या. चाचांचा मोबाइल बंद. चाचा आमचे पहिल्या दिवसापासूनचे भागीदार, कागदावर नसलेले. हरवनला रानाला लागून त्यांचं घर. सप्टेंबरच्या शेवटी कुणाच्या तरी लँडलाइनवरून त्यांचा फोन आला. ख्यालीखुशाली नाही, थेट म्हणाले, “हंगुल बोलने लगा है. इस साल कौन सुनेगा?” मला बोलताच येईना.

त्याच आठवड्यात साताऱ्याच्या बाईंनी कळवलं, “माझे पैसे राहू द्या. गाडी निघेल तेव्हा सांगा.” निवृत्त शिक्षिका. पहिल्या सहलीत त्यांना हंगुल दिसलाच नव्हता, तरी.

गाडी निघाली ऑक्टोबर २०२१ मध्ये. पहाटे दगवान नाल्याच्या काठी उभे होतो. पाण्याच्या आवाजातून हंबरणं आलं आणि बाईंनी माझा दंड घट्ट धरला. पलीकडे नर. मान भिजलेली, शिंगात उपटलेलं गवत अडकलेलं, नाकातोंडातून वाफ. बाईंच्या हातात ट्यूबच्या रबराची दुर्बीण होती.

आमच्याबरोबर या, नाहीतर स्वतःचे स्वतः जा, पण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर गाठा, नर तेव्हा माजावर असतात. नाहीच जमलं तर हिवाळ्यात जा. कळप खालच्या दाचीगाममध्ये उतरलेले असतात आणि झाडं उघडी असतात. वन्यजीव विभागाची परवानगी आधी काढा. सळसळणारं जॅकेट नको, लोकरीचं घाला. पायवाट सोडू नका, अस्वलं आहेत.

यंदाच्या ऑक्टोबरच्या जागा सुरू आहेत. गाडीतली पुढची सीट बाईंची आहे, ती कृपया मागू नये.