सह्याद्रीतला दर्या

दिवाळी अंकाचं काम म्हणजे काय हे डीटीपीवाल्याच्या बायकोला विचारा, ऑक्टोबरात नवरा घरी फक्त आंघोळीला येतो. मी अठरा वर्षं पुण्यात हेच करतोय, पानं लावायच्या सॉफ्टवेअरपैकी पेजमेकरवर शिकलो, आता इनडिझाइन. काम तेच, लोकांनी वाट्टेल तसा टाइप केलेला मजकूर घ्यायचा आणि पानात शहाण्यासारखा बसवायचा.

त्या वर्षी अंकात चौतीस लेख होते आणि चौतीस जणांच्या चौतीस तऱ्हा. एकाची वर्ड फाइल अख्खी नॉर्मल स्टाइलमध्ये (स्टाइल म्हणजे मजकूर कसा दिसावा याचा ठरवून ठेवलेला साचा), हेडिंग म्हणजे नुसता बोल्ड करून मोठा केलेला मजकूर. एक आजोबा प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला पाच वेळा स्पेसबार दाबणारे आणि दोन परिच्छेदांमध्ये तीन एंटर. एका बाईंनी लेख व्हॉट्सॅपवरच लिहून पाठवला, बोल्डसाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या. संपादकांचं संपादकीय नेहमीप्रमाणे १९०९ सालच्या 'मनोरंजन'च्या पहिल्या दिवाळी अंकापासून सुरू (दरवर्षी तिथूनच सुरू होतं, मला आता पाठ झालंय) आणि आकडे अर्धे मराठी अर्धे इंग्रजी. पूर्वी हे सगळं हाताने करायचो, परिच्छेदावर क्लिक, स्टाइलवर क्लिक, पुढचा परिच्छेद. दोन दिवस नुसते क्लिक करण्यात जायचे.

तर मी ठरवलं, या वेळी हाताने काही करायचं नाही. इनडिझाइनबरोबर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, येतेच, फाइंडचेंजबायलिस्ट नावाची, तिच्यासोबत एक साधी टेक्स्ट फाइल असते, त्यात एका ओळीत एक काम लिहायचं, काय शोधायचं, त्याचं काय करायचं, मध्ये टॅब. स्क्रिप्ट ती यादी वरून खाली चालवत जाते. मी दोन रात्री बसून यादी केली. आधी ठळक आणि तिरप्या शब्दांना कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे तेवढ्या शब्दांपुरती स्टाइल, लावून टाकायची, कारण नंतर परिच्छेदाची स्टाइल लावून वरचं फॉरमॅटिंग पुसलं की लेखकाने मुद्दाम तिरपे केलेले शब्दही सरळ होतात, हा क्रम चुकला की संपलं. मग चांदण्यांमधला मजकूर बोल्ड आणि चांदण्या गायब. मग डबल स्पेस, परिच्छेदाच्या सुरुवातीच्या स्पेस, रिकामे एंटर. मग मोठा आणि बोल्ड असेल तो उपशीर्षक. शीर्षकाच्या स्टाइलला पुढची स्टाइल लेखकाचं नाव, त्याच्या पुढे बिनइंडेंटचा पहिला परिच्छेद, मग मजकूर, म्हणजे सगळं सिलेक्ट करून एकदा राइट क्लिक केलं की लेख ओळीने कपडे घालून उभा. कविता मात्र वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या होत्या, कारण रिकामे एंटर काढले की कडव्यांमधली जागा जाते, हे शहाणपण मागच्या वर्षी एका कवीच्या शिव्या खाऊन आलेलं.

आणि यादीत सगळ्यात शेवटी मी एक ओळ टाकली, तिच्यापायी हे सगळं लिहितोय.

झालं होतं असं की शोधताना 'व्यक्ती' शब्द काही लेखांत सापडतच नव्हता, डोळ्यांना समोर दिसतोय आणि इनडिझाइन म्हणतंय नाही. कारण काही कीबोर्ड अर्ध्या अक्षरानंतर एक अदृश्य अक्षर टाकतात, झीरो विड्थ जॉइनर, रुंदी शून्य, दिसत काहीच नाही पण असतं. म्हटलं कचरा आहे, काढून टाका. एक ओळ, जॉइनर शोधा, त्याजागी काही नको.

रन केलं. चौतीस लेख, चार मिनिटं. मी खुर्चीत मागे रेलून चहा मागवला, खरं सांगतो त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला. मग फाइल सेव्ह करून पानं लावली, चित्रं बसवली, संध्याकाळपर्यंत पहिल्या दोन फर्म्यांचे (फर्मा म्हणजे प्रेसवर एकत्र छापला जाणारा पानांचा गट) प्रिंट काढून काकूंकडे पाठवले. काकू म्हणजे आमच्या मुद्रितशोधक, सत्तरीच्या आहेत, लाल पेनाशिवाय पेपरसुद्धा वाचत नाहीत.

साडेआठला फोन.

"अरे, सह्याद्रीत दर्या कधीपासून आला?"

मला कळेचना. म्हटलं काकू, काय झालं? "ट्रेकिंगचा लेख बघ. सह्याद्रीच्या खोल दर्या. आणि तो लग्नाच्या जेवणावरचा लेख, त्यात आचार्यांना आदल्या रात्रीच कांदे चिरायला बसवलंय. कुठले आचार्य रे हे, शंकराचार्य?"

फाइल उघडली आणि पोटात गोळा आला. दुसर्या, तिसर्या, वार्यावर, वर्हाड, गुर्हाळ, सगळीकडे रफार डोक्यावर चढून बसलेला. 'दऱ्या'मधला तो आडवा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, तो ठीक राहतो. दुसरी म्हणजे साधा र, पायमोडका, आणि पुढे तेच ते अदृश्य जॉइनर. ते जॉइनरच त्या र ला आडवं धरून ठेवतं, ते काढलं की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. म्हणजे मी कचरा म्हणून जे झाडलं तोच अर्ध्या लेखकांचा आडवा र होता. मला दिवसभरात दिसलं कसं नाही? तर आम्ही मजकूर वाचत नाही, बघतो. ओळ कुठे तुटली, शेवटची ओळ एकटी राहिली का, एवढंच.

अनडू करायला फाइल मधे बंद झालेली. आणि उलटं फिरवायची सोयही नाही, कारण सगळे 'र्य' चुकीचे थोडेच आहेत, सूर्य, कार्य, धैर्य बरोबरच आहेत. पुन्हा पहिल्यापासून इम्पोर्ट करायचं तर लावलेली सगळी पानं गेली, आणि प्रेसला पहिला फर्मा सकाळी दहाला हवा.

शेवटी डोकं चाललं. मूळ वर्ड फाइली होत्याच. त्या सगळ्या एका कोऱ्या डॉक्युमेंटमध्ये ओतल्या, त्यातले र, पायमोड, जॉइनर असे ओळीने आलेले सगळे शब्द गोळा करणारी दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली, पुनरुक्ती काढून एकशे त्रेचाळीस शब्द निघाले. डावीकडे बिघडलेलं रूप, उजवीकडे बरोबर, टिंबवाल्या ऱ चं, की परत कधी जॉइनरवर अवलंबून राहायला नको. आचार्य तेवढे बाजूला काढले, कारण आयुर्वेदाच्या लेखात खरेखुरे आचार्य होते, ते हाताने तपासले. बाकी यादी पूर्ण शब्दाची खूण करून चालवली. पावणेअकरा वाजले. यादीतल्या त्या ओळीच्या आधी आता दुसरी ओळ आहे, आडव्या र चं रूपांतर आधी, झाडू नंतर.

नवे प्रिंट काढले, गाडीवर टाकून स्वतः काकूंच्या घरी नेऊन दिले, वाटेत एक वडापाव खाल्ला. ऑफिसात परत येऊन दिवे मालवतोय तर पुन्हा फोन.

"ट्रेकिंग झकास झालंय. आचारी पण कामाला लागले," काकू म्हणाल्या. "पण पान एकोणतीस बघ, नारळी पौर्णिमेचा लेख. दऱ्या शांत झाल्यावर होड्या बाहेर काढल्यात तुझ्या कोळ्यांनी. आता त्यांना दरीतून वर कोण आणणार?"