सत्कार मैदानातच करा

स्मरणिकेसाठी आठवण लिहा, असं शाळेचं पत्र आलं. आठवणी बाकीचे लिहितीलच. नोकरी कृत्रिम पाय बसवण्यात गेली, तेव्हा मी शाळेच्या उपयोगाचं लिहितो. शाळेच्या कार्यक्रमाच्या समारोपाला जखमी जवानांचा आणि त्यांच्यातल्या खेळाडूंचा सत्कार ठरलाय म्हणे. छान. पाहुण्यांसाठी लांब जायला नको. जखमी जवानांना कामधंदा शिकवणारी, १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आता खडकीत आहे, आणि मणक्याच्या इजेने पाय लुळे पडलेल्या जवानांसाठीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरही तिथेच, १९७४ पासून. कृत्रिम हातपाय बसवणारं लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटरही पुण्यातच, १९४४ चं.

अडचण आहे ती स्टेजची. सहा पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंटिमीटर, म्हणजे उंची ९० सेंटिमीटर. व्हीलचेअरला उतार एकास बारा लागतो. तेव्हा रॅम्प जवळजवळ ११ मीटर हवा, मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा, दोन्ही बाजूंना कठडे. मांडववाला सहा फुटी फळी टाकतो आणि 'झालं सर' म्हणतो. त्या चढावर पुढची चाकं उचलली जातात आणि माणूस मागे उलटतो. मग चार उत्साही पोरं खुर्ची उचलायला धावतात, हात घालतात आर्मरेस्टला नाहीतर फूटरेस्टला. पुष्कळ खुर्च्यांचे हे भाग सुटे असतात, ते हातात येतात आणि खुर्ची खाली राहते. म्हणून स्टेजचा नाद सोडा. सत्कार मैदानात करा, अध्यक्षांची खुर्चीही खालीच मांडा.

प्रवेशदारातली रांगोळी एका बाजूला काढा. कुबडीच्या रबरी टोकाखाली ती भुकटी आली की टोक सटकतं. सतरंजीची सुटी कड त्याहून वाईट, ती चिकटपट्टीने दाबून टाका. गुडघ्याच्या वर पाय गेलेल्याला चढण्यापेक्षा उतरणं अवघड असतं, तेव्हा कठडा असेल त्याच वाटेने न्या. दिवसभरात स्टम्प, म्हणजे पायाचा उरलेला भाग, थोडा आकसतो, तो ज्यात बसतो ते कृत्रिम पायाचं सॉकेट ढिलं पडतं, आणि आत आणखी एक मोजा चढवावा लागतो. त्यासाठी खुर्ची असलेली एक खोली मोकळी ठेवा. स्वच्छतागृहाचं दार फूटपट्टीने मोजा, अंदाजाने नको. मोकळी जागा ९० सेंटिमीटर हवी. खुर्चीच ६५-७० सेंटिमीटर रुंद असते.

मणक्याला इजा झालेल्यांचं वेगळं. कमरेखाली संवेदना नसते, त्यामुळे एकाच जागी बसून कातडीवरचा दाब कळत नाही आणि जखम होते. ते अर्ध्या तासाच्या आत हातांवर शरीर उचलून घेतात, पण प्रमुख पाहुण्यांसाठी त्यांना दोन तास ताटकळत ठेवू नका. इजा वरच्या मणक्यात असेल तर खालच्या अंगाला घामही येत नाही, उन्हात ताप चढतो; त्यांना सावलीत बसवा. चहाचा कप मांडीवर नको. भाजलेलं कळतच नाही. शाल पांघरून टोकं खाली सोडली की चाकाच्या आऱ्यांत गुंततात, आणि श्रीफळ मांडीवरून घरंगळतं. शाल घडी करून हातात द्या, नारळ बाजूच्या स्टुलावर.

निवेदकाने 'अपंगत्वावर मात' हे पालुपद लावू नये. त्याऐवजी कामगिरी सांगा. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, हेही सांगा! जवान होकातो सेमांचा डावा पाय २००२ मध्ये सुरुंगस्फोटात गेला. पॅरिस २०२४ मध्ये एफ ५७ या पायाने अधू खेळाडूंच्या गटात गोळाफेकीत १४.६५ मीटर, कांस्य. ही फेक बसून असते, गोळा ४ किलोचा. फेकीच्या आसनाची उंची गादीसकट ७५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही, आणि फेकताना बूड आसनावरून सुटलं तर फेक बाद. म्हणजे धाव नाही, पायाचा रेटा नाही. सगळं खांद्यातून आणि धडातून काढायचं. मुलांना हे आधी कळलं तर टाळ्या आपोआप पडतील.

कुणी फेक दाखवायला तयार झालंच, तर आसन पट्ट्यांनी ताणून बांधायला जमिनीत खुंट हवेत. पीटीच्या सरांनी ते आदल्या दिवशीच पाणी मारून ठोकावेत. आपल्या मैदानातला मुरूम आयत्या वेळी खुंट घेत नाही.