ओच्यातले खडे

इरिट्रियातलं सेनाफे, 2003. इरिट्रिया-इथिओपियाची लढाई अल्जियर्स करारानं थांबून तीन वर्षं होत आलेली, पण गाव त्या 25 किलोमीटर रुंदीच्या लष्करमुक्त पट्ट्यात. आमचं काम पाण्याचं. तिग्रिन्या भाषेत पाण्याला 'माय' म्हणतात, त्यामुळे टँकर दिसताच पोरांचा होणारा ओरडा कानाला घरचा वाटायचा.

त्या दिवशी टँकर चोख होता. पाण्याला किती ब्लीचिंग पावडर लागेल ते सांगणाऱ्या, सहा कपांच्या हॉरॉक्स चाचणीत तिसऱ्या कपात निळा रंग आला, म्हणजे 455 लिटरला 6 ग्रॅम टीसीएल (तीच ब्लीचिंग पावडर). 10,000 लिटरच्या टाकीला 132 ग्रॅम. पावडर थेट टाकीत ओतायची नसते; बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. (ड्रम उघडा राहिला की पावडर मरते, सहाही कप पांढरेच राहतात. शंभरदा सांगूनही झाकण कुणी लावत नाही.) नळाशी क्लोरीन लिटरला 0.5 मिलिग्रॅम. वहीत लिहिलं.

मग सहज एका बाईच्या कॅनमधलं पाणी तपासलं. क्लोरीन असलं की पाणी गुलाबी करणारी गोळी टाकली; विरघळली, गुलाबी काही होईना. शून्य. दुसरा कॅन, तोही शून्य. तोंडातून बोट घातलं तर आत बुळबुळीत थर. सगळे तेलाचे जुने कॅन! तो थर क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणजे इतके महिने वहीत आम्ही टँकरचं पाणी लिहीत होतो, लोक पीत होते ते भलतंच. घरच्या पाण्याला वहीत रकानाच नाही. लिटर मोजले की झालं.

कॅनमध्ये हात जात नाही, ब्रश कोपऱ्यात पोचत नाही. उपाय साधा: मूठभर खडे, दोन लिटर पाणी, चमचाभर टीसीएल, झाकण घट्ट लावून तीन मिनिटं खळखळवायचं आणि दोनदा विसळायचं. दुभाष्याला म्हटलं, "पोरांना खडे आणायला सांग."

पाच मिनिटांत एक पोरगा सदऱ्याच्या ओच्यातून खडे घेऊन आला. गोल, गुळगुळीत. रस्त्याकडेला असले खडे नव्हतेच. तिथं रांगेनं रंगवलेले दगड होते, पांढऱ्या बाजूला जमीन साफ, लाल बाजूला सुरुंग. गोल खडे लाल बाजूच्या ओढ्यात.

माझा चेहरा बघून दुभाष्या म्हणाला, "त्यांच्या शेळ्या रोज तिथंच पाणी पितात, साहेब."

दुसऱ्या दिवसापासून रस्त्याच्या कामावरची खडी पोत्यात भरून टँकरवरच ठेवली. पण ती अणकुचीदार, तळाशी अडकते. त्या पोराचा कॅन ओढ्यातल्या खड्यांनी धुतला होता. क्लोरीन 0.4.