कागदी होड्यांचा ताफा : माझा अनुभव

सार्वजनिक जागेत लोकांनी जमायचं, प्रत्येकाने कागदाची होडी करायची आणि सगळ्यांनी मिळून त्या पाण्यात सोडायच्या. हा प्रकल्प एवढ्यात सांगून होतो. मी तो तसाच सांगत सुटले होते आणि ऐकणारा प्रत्येक जण लगेच हो म्हणत होता. खरे प्रश्न त्यानंतर सुरू झाले.

काही सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की होड्या आधीच करून ठेवू आणि लोकांच्या हातात तयार होडी देऊ. रांग पटापट सरकेल, पाण्यावर सगळ्या एकसारख्या, देखण्या दिसतील. मला ते पटेना. हातात तयार होडी दिली की माणूस प्रेक्षकच राहतो. स्वतः घडी घातलेली बाई मात्र काठावर उभी राहून शंभर होड्यांत आपली होडी शोधते, ती कलली की तिचा जीव वरखाली होतो. मला ते शोधणं हवं होतं. म्हणून सुरुवातीलाच नियम केला: ज्याची होडी, त्यानेच ती केलेली असली पाहिजे, मग ती कितीही वाकडी होवो. पुढचे बहुतेक निर्णय या एका नियमावरून ठरत गेले.

पाण्यासाठी उथळ, संथ आणि सगळ्या बाजूंनी काठ मोकळा असलेलं तळं निवडलं. वाहतं पाणी मुद्दाम टाळलं. प्रवाहात गेलेली होडी परत आणता येत नाही, आणि जी वस्तू परत आणता येत नाही ती पाण्यात सोडणं म्हणजे कचरा टाकणंच, ती कितीही सुंदर असली तरी. संथ पाण्यात कुजणारा कागद पाण्यातला प्राणवायू खातो, त्याचा त्रास माशांना होतो. पक्ष्यांच्या विणीचा काळही सोडून दिला. परवानगीच्या अर्जात होड्या सोडण्याबद्दल थोडंच लिहिलं. त्या काढणार कोण, कशाने आणि किती वेळात, यावर पानभर मजकूर झाला. काठाशी मुलांजवळ कोण उभं राहील, पाण्यात कोण उतरेल, कुणाच्या अंगावर तरंगणारं जाकीट असेल, हेही त्यातच. अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्यांनी सर्वांत आधी हीच पानं उलटली.

याच सुमारास पाण्यावरच्या मोठ्या कलाकृतींबद्दल बरंच वाचत होते. स्कॉटलंडचे शिल्पकार जॉर्ज वायली यांनी 1989 साली ग्लासगोच्या क्लाइड नदीत कागदी होडीच्या आकाराची भलीमोठी नाव उतरवली होती. ज्या नदीकाठी एकेकाळी मोठमोठी जहाजं बांधली जात, तिथला तो उद्योग मावळल्याचं दुःख त्यांनी मुलांच्या खेळण्याच्या आकारात मांडलं, म्हणून ते समजून घ्यायला कुणाला कलेचं शिक्षण लागलं नाही. क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलाकार दांपत्याच्या कल्पनेतले तरंगते धक्के 2016 मध्ये इटलीतल्या इसेओ सरोवरावर 16 दिवस होते. पिवळ्या कापडाच्या त्या वाटेवरून लोक पाण्यावर चालले आणि मुदत संपल्यावर सगळं उचलून साहित्य पुनर्वापरासाठी गेलं. या दोन कामांनी मला फार बळ दिलं. पहिल्यातून खेळाच्या आकाराची ताकद कळली. दुसऱ्याने दाखवलं की काढून घेण्याचं नियोजन कलाकृतीच्या पहिल्या आराखड्यातच करायचं असतं.

सर्वांत जास्त वेळ गेला तो कागद ठरवण्यात, आणि सर्वांत जास्त आनंदही तिथेच मिळाला. टबात वेगवेगळ्या कागदांच्या होड्या सोडून मी नुसती बघत बसायचे. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. तंतू एकमेकांना धरून असतात ते बंध पाणी सहज सोडवतं. साध्या कागदाची ओला झाल्यावर कोरड्याच्या दहावा हिस्साही ताकद सहसा उरत नाही. लिहिण्या-छापण्याच्या कागदाने पाणी चटकन पिऊ नये म्हणून कारखान्यातच त्याला खळ दिलेली असते. वर्तमानपत्राच्या कागदाला ती जवळजवळ नसते, म्हणून त्याची होडी बघता बघता मऊ पडते. तपकिरी क्राफ्ट कागद लांब तंतूंचा आणि चिवट असतो. पाण्यात तोच सगळ्यांत जास्त टिकला, पण लहान मुलांच्या बोटांनी त्याची घडी बसेना. मासिकांच्या गुळगुळीत कागदावर पांढऱ्या मातीचा किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा लेप असतो. घडीवर तो तडकतो आणि पाणी नेमकं त्या तड्यातून आत शिरतं. एरवीही पाणी आधी घडीतूनच शिरतं, कारण नखाने दाबलेल्या जागी तंतू आणि खळ दोन्ही मोडलेले असतात. त्यामुळे घडी कडक बसवली तर होडी देखणी होते आणि लवकर भिजते. सैल ठेवली तर जास्त टिकते, पण बसकी दिसते.

थोडं वजनाबद्दल. 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा, ए-4 कागद 5 ग्रॅम भरतो. त्याची होडी 5 मिलिलिटर पाणी बाजूला सारते आणि तरंगते. सेल्युलोज मात्र पाण्याच्या साधारण दीडपट जड असतं. होडीच्या पोकळीत आणि कागदाच्या बारीक छिद्रांत हवा आहे तोवर होडी वर. हवेची जागा पाण्याने घेतली की तोच कागद तळाला जातो. मधला जो वेळ मिळतो, त्या वेळातच आमची कलाकृती असणार होती.

तो वेळ वाढवायला मेण लावावं का, यावर आमच्यात खूप चर्चा झाली. मेणबत्ती किंवा मेणाचा खडू तळाला घासला की होडी कितीतरी जास्त टिकते. मी नको म्हटलं. मेण लागलेल्या कागदाचा लगदा नीट होत नाही, आणि मेणबत्तीचं पॅराफिन खनिज तेलातून येतं, ते तळ्यात नेणं मला योग्य वाटलं नाही. आणखी एक कारण होतं, ते मला अधिक जवळचं. कागदाची होडी पाणी पिते, जड होते, वाकते, हे सगळं लोकांच्या डोळ्यांसमोर घडावं असं मला वाटत होतं. प्लॅस्टिकसारखी टिकणारी होडी हवी असती तर कागद कशाला घेतला असता?

शेवटी पाठकोरे कागद घ्यायचं ठरलं, एका बाजूने छापलेले, खळ असलेले. ते गोळा करणं सोपं होतं, निवडणं किचकट. नावं, पत्ते, सह्या असलेली पानं वेगळी काढावी लागली, कारण कुणाचा खाजगी कागद अनोळखी माणसाच्या हातात जाता कामा नये. लेझर प्रिंटरची शाई ही खरं तर प्लॅस्टिकची भुकटी, ती पाण्यात पसरत नाही. इंकजेटची बऱ्याचदा पसरते, म्हणून ती पानं बाजूला ठेवली. बिलांचे गुळगुळीत थर्मल कागद तर पहिल्यांदाच बाद केले. त्यांच्या लेपात बिसफेनॉलसारखी रसायनं असू शकतात, ती पाण्यात नकोत.

आता घड्या. आपली साधी होडी लांबट कागदाचीच होते. ए-4 कागद 210 बाय 297 मिलिमीटरचा. मधोमध दुमडून दोन्ही कोपरे मध्यरेषेवर आणले की त्रिकोणाच्या खाली साडेत्रेचाळीस मिलिमीटरची पट्टी उरते, आणि तीच वर दुमडून टोपीची कड होते. चौरस कागदात ही पट्टी उरतच नाही, म्हणून त्याची ही होडी बनत नाही. ए-4 कापून अर्धा केला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, त्यामुळे छोट्या मुलांसाठी ए-5 च्या होड्या अगदी त्याच पद्धतीने झाल्या. हे गणित मला फार आवडतं. कागदाला दिशाही असते: यंत्रावर कागद बनताना तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपतात. त्या दिशेने घातलेली घडी सरळ बसते, आडवी घातलेली थोडी फुटते. हे मी टेबलावर कुणाला सांगितलं नाही. ज्यांना बोटांनी कळलं त्यांनी स्वतःहून विचारलं.

टेबलं लांब मांडली आणि कृतीचा फलक मुद्दाम लावला नाही. आल्यावर शेजारच्याकडून शिकायचं, होडी जमली की पुढच्याला शिकवायची. माझ्या मते या प्रकल्पातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच ठरली. लोक टोपीपर्यंत सुरळीत पोचायचे आणि तिथे अडायचे. टोपीत दोन्ही अंगठे घालून ती उघडायची, उलट बाजूने चपटी करायची आणि सुटी टोकं एकमेकांत खोचायची, ही पायरी सांगून कळत नाही, हात धरूनच दाखवावी लागते. त्यामुळे एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एकमेकांचे अंगठे धरून उभी होती. मोठ्या माणसांपैकी कित्येक जण ‘मी विसरलो’ म्हणत यायचे आणि बोलता बोलता त्यांची बोटं पुढची घडी घालून मोकळी व्हायची. शेवटी दोन टोकं धरून हळूच ओढली की होडी उघडते. त्या क्षणी टेबलाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून आनंदाचा आवाज येतच राहिला.

सगळ्यांनी साधीच होडी करायची असं आमचं ठरलं होतं. पण एका आजोबांनी न विचारता शिडाची होडी केली, मग नांगरहोडी केली, आणि त्यांच्याभोवती मुलांचा गराडा पडला. मी लगेच तो नियम सोडून दिला. त्यांना वेगळं टेबल दिलं आणि ते उठेपर्यंत तिथली गर्दी हटली नाही. ताफा एकसारखा दिसावा हा आग्रह अशा कामात धरू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

होडीवर काही लिहायचं असेल तर फक्त पेन्सिलने. शिसपेन्सिलीचं ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही, पेनाची शाई बऱ्याचदा पसरते. काय लिहायचं ते आम्ही सुचवलं नाही. कुणी नाव लिहिलं, कुणी कोण्या गेलेल्या माणसाला दोन ओळी. एका मुलीने होडीला नुसता क्रमांक दिला, खऱ्या जहाजासारखा.

पाण्याजवळ आल्यावर सगळी सूत्रं वाऱ्याच्या हाती गेली. आम्ही वाऱ्याकडच्या काठावरून होड्या सोडल्या, म्हणजे वारा त्यांना तळ्यातून पलीकडे नेईल, आणि पलीकडच्या काठाआधी तरंगता दोर आडवा बांधला. कागदी होडीला ना वल्हं ना सुकाणू. वाऱ्याचा जोर लागला की ती आडवी होऊन सरकते. मोठी, उंच कडेची होडी वारा जास्त पकडते, म्हणून ए-4 च्या पुढे गेल्या आणि मुलांच्या छोट्या मागे राहिल्या. त्यावर काठावर चांगलीच वादावादी झाली. थोड्या वेळाने होड्या एकमेकींना चिकटून घोळके करू लागल्या. तरंगत्या वस्तूच्या कडेला पाण्याचा पृष्ठभाग किंचित वक्र होतो, आणि दोन होड्या अगदी जवळ आल्या की तो वक्र त्यांना आणखी जवळ ओढतो. ही ओढ काही मिलिमीटरांच्या पलीकडे जाणवत नाही, पण वाऱ्याने जवळ आणलेल्या होड्या ती सोडत नाही. ‘ताई, माझी कुठली?’ हा प्रश्न तेव्हा दर क्षणाला येत होता, आणि उत्तर बहुतेक वेळा मुलांनाच आधी सापडत होतं.

काढायला कधी सुरुवात करायची याची खूण मी टबातच पक्की करून ठेवली होती. कोरडा कागद पांढरा दिसतो तो तंतूंमधल्या हवेमुळे. तिथे पाणी शिरलं की प्रकाश कमी विखुरतो आणि कागद अर्धपारदर्शक होऊन काळपट दिसतो. होडीच्या बुडावरचा हा काळपट पट्टा कडेच्या अर्ध्यापर्यंत चढला की जाळ्या हातात घ्यायच्या. काही लोकांनी अडवलं, ‘अजून तरंगतायत की!’ म्हणाले. मी त्यांच्याच हातात लांब दांड्याच्या जाळ्या दिल्या. ओला कागद दुधावरच्या सायीसारखा उचलावा लागतो, खालून, अलगद, नाहीतर मधेच फाटून अर्धा पाण्यात राहतो. सोडताना दंगा करणारी तीच माणसं हे काम कमालीच्या एकाग्रतेने करत होती. दोराजवळचे तुकडे गुडघाभर पाण्यात उतरलेल्या सहकाऱ्यांनी हाताने वेचले. अंधार पडायच्या आत तळं मोकळं झालं याचं मला होड्या सोडण्याइतकंच समाधान आहे.

सगळा कागद बादल्यांत भिजवला, तुकडे केले, घुसळून लगदा केला आणि जाळीच्या चौकटीवर त्याची पानं काढली. पाणी निथळून लगदा वाळला की तंतू पुन्हा एकमेकांना धरतात, त्यासाठी डिंक लागत नाही. पेन्सिलीचे आणि छपाईचे करडे ठिपके पानभर राहिले आहेत. ते घालवावेत असं मला वाटलं नाही. हातकागदात तंतू वाटेल तसे पसरतात, त्यामुळे या पानांवर घडी उभी आडवी सारखीच बसते. मात्र लगद्यात मूळची खळ पुरेशी टिकत नाही. या पानाची होडी वर्तमानपत्राच्या होडीपेक्षाही आधी बसली. म्हणून आता पानांना दोन्ही बाजूंनी स्टार्चची खळ देऊन बघते आहे. ती दाट झाली की घडी तडकते, पातळ झाली की पाणी अडत नाही. पुढचा ताफा याच पानांचा करायचा आहे, आणि त्याआधी खळीचं प्रमाण बसायला हवं.